गीरला जायचं राहिलं

दहाव्याला कावळा शिवेना.

तळ्याच्या काठी पिंड मांडून झाले होते, भटजी सावलीला उभे राहून घड्याळ बघत होते आणि समोरच्या पिंपळावर कावळ्यांची सभा भरली होती. पण एक जण खाली उतरेल तर शपथ. श्रीरंगराव जिवंतपणी कुणाचं पटकन ऐकायचे नाहीत. आता गेल्यावरही त्यांचा तोच हेका चालू आहे, असं तिथे जमलेल्यांपैकी चार जणांच्या मनात नक्की आलं असणार. 

मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन शब्द देऊ लागला. थोरला मुलगा परेश, सातिवलीला ज्याचा बाटल्यांची बुचं बनवायचा छोटासा कारखाना होता, तो हात जोडून म्हणाला, “बाबा, आईला अंतर देणार नाही.” कावळे ढिम्म. धाकटा कौस्तुभ म्हणाला, “दादाशी भांडणार नाही.” एका कावळ्याने मान वाकडी करून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा फांदीवर चोच घासायला घेतली. श्रीरंगरावांचे भाऊ शत्रुघ्न म्हणजे चार माणसं जमली की पुढाकार घेणारा माणूस. त्यांनी भावाला उद्देशून छोटंसं भाषणच केलं. किल्ल्याजवळच्या घराचं मी बघतो, बँकेच्या कामांचं मी बघतो, नातीच्या लग्नाचंही मीच बघतो. कावळ्यांना त्यात काही रस दिसला नाही. ऊन चढलं. भटजींनी दर्भाचा कावळा करायची भाषा काढली, तशी परेशची बायको विनिता रडायलाच लागली. दर्भाचा कावळा करायची वेळ आली म्हणजे माणूस अतृप्त गेला, आणि माणूस अतृप्त गेला की बोल सुनेला.

जयवंतीबाई सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. नवरा गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता. दुःख झालं नव्हतं असं नाही, पण ते कुठेतरी दुसऱ्या खोलीत चाललंय आणि मधलं दार लावलेलं आहे, असं काहीसं झालं होतं. जेवण जायचं, पण चव कळायची नाही. बायका गळ्यात पडून रडायच्या तेव्हा त्याच उलट त्यांच्या पाठीवरून हात फिरवायच्या. त्या दिवशी तळ्यावर त्यांना एवढंच कळत होतं की पाय दुखताहेत. त्या पुढे झाल्या आणि काही न ठरवता बोलून गेल्या, “गीरला नेणार होतात, ते राहिलंच. आता मुलं नेतील.”

शब्द तोंडातून निघायचा अवकाश, एक कावळा पिंपळावरून सुटला तो थेट पिंडावर. मागोमाग बाकीचे. बघता बघता भात फस्त.

आता खरं सांगायचं तर जयवंतीबाई रोज दुपारी गॅलरीच्या कठड्यावर कावळ्यांना भात ठेवायच्या आणि त्यांची बिल्डिंग तळ्यापासून हाकेच्या अंतरावर होती. कावळ्याला गेलेल्या माणसाची इच्छा कळते, की रोज वाढणाऱ्या बाईचा आवाज कळतो, ते कावळाच जाणे. पण असल्या शंका घाटावर काढायच्या नसतात. परेशने डोळे पुसले. विनिताचा जीव भांड्यात पडला. शत्रुघ्न म्हणाले, “बघा, दादाला आपल्या सगळ्यांना गीरला न्यायचं होतं. कधी बोलला नाही माणूस.”

बोलणार कुठून? श्रीरंगरावांना जंगलाचं वावडं होतं. एसटीत त्यांना मळमळायचं, झाडाखाली बसलं की मुंग्या त्यांनाच बरोबर शोधून काढायच्या, आणि पैसे देऊन डास चावून घ्यायला जाणाऱ्या माणसांची त्यांना कीव यायची. गीर हवं होतं ते जयवंतीबाईंना.

त्याचं असं झालं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दोघं नात्यातल्या लग्नाला जव्हारला निघाली होती. घाटात गाडी एका वळणावर थांबली. श्रीरंगराव खिडकीला डोकं टेकून झोपलेले. आणि रस्त्याकडेच्या कठड्यावर एक बिबट्या बसला होता. बसला होता म्हणजे अगदी निवांत, संध्याकाळी वसईच्या पार नाक्यावर माणसं बसतात तसा. त्याने जयवंतीबाईंकडे बघितलं. नव्या सुनेकडे त्या वर्षी सगळं जग बघत होतं. सासू, सासरे, दीर, दारातलं मांजर, गल्लीतलं कुत्रं, आणि प्रत्येकाच्या बघण्यात ‘आज काय केलंयस?’ असायचं. ह्याच्या बघण्यात ते नव्हतं. त्याला त्यांच्याकडून काहीही नको होतं. बघून झाल्यावर तो उठला आणि कारवीच्या झुडपांत शिरला. त्यांनी नवऱ्याला हलवून उठवलं. श्रीरंगरावांनी बाहेर बघितलं, म्हणाले, “कुत्रं असेल,” आणि पुन्हा झोपले.

ते बघणं जयवंतीबाईंच्या मनातून गेलं नाही. पुढे शेजारच्या एका गुजराती बाईने सांगितलं की गीरमध्ये सिंह माणसाच्या बाजूने चालत जातो आणि ढुंकूनही बघत नाही. बस्स, तेव्हापासून गीर. त्यांनी ते मागितलं, हट्ट करून मागितलं, आणि श्रीरंगरावांनी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, पुढच्या वर्षी. मग परेशचा जन्म, सासऱ्यांचं आजारपण, मुलांच्या दहावीच्या परीक्षा, वसईचा फ्लॅट, मुलांची लग्नं, श्रीरंगरावांची साखर आणि साखरेचं पथ्य. मध्यंतरी जयवंतीबाईंनी मागायचं सोडून दिलं होतं. हवं असायचं सोडलं नव्हतं.

तर अशा रीतीने गीर ठरलं, तेही वर्षश्राद्धाच्या आत. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द, त्याला सबब चालत नाही. एरवी ह्या घरातल्या लोकांना एकत्र राजोडीच्या समुद्रावर जायचं म्हटलं तरी महिनाभर खल चालायचा. आता मात्र सगळे कंबर कसून उभे राहिले. परेशने मे महिन्यात कारखाना आठवडाभर बंद ठेवायचं कबूल केलं. कौस्तुभ विरारहून बायको आणि रांगत्या बाळासकट येणार म्हणाला. परेशची मुलगी क्षितिजा अकरावीत होती, तिने कॉलेजच्या लायब्ररीतून सिंहांच्या फोटोंचं जाडजूड पुस्तक आणलं. शत्रुघ्नकाका आणि काकू तर हवेतच. आणि मधोमध जयवंतीबाई.

दिवाळीनंतर दर रविवारी सकाळी हॉलमध्ये बैठक बसायला लागली. शत्रुघ्न रेल्वेचं वेळापत्रक घेऊन पंख्याखालची खुर्ची धरायचे. त्या खुर्चीत पूर्वी श्रीरंगराव बसत. जयवंतीबाई पोहे करायच्या, चहा करायच्या, बाळासाठी खिमट करायच्या, आणि आत-बाहेर करता करता ऐकायच्या. कुणी विचारलं तर “हं” म्हणायच्या. त्यांच्या “हं”ला सगळ्यांनी दुःखच मानलं होतं आणि त्याच्या वाटेला कुणी जात नव्हतं.

एक मात्र होतं. क्षितिजा ते पुस्तक टेबलावर विसरून जायची. घर रिकामं झालं की जयवंतीबाई त्यातलं एकच पान उघडायच्या. वाळक्या गवतात एक सिंहीण उभी होती आणि ती फोटो काढणाऱ्याकडे बघत नव्हती, त्याच्या पलीकडे कुठेतरी बघत होती. ते पान बघताना दुसऱ्या खोलीचं दार जरासं किलकिलं व्हायचं. बरं वाटायचं असं नाही, पण काहीतरी वाटायचं. त्या एका पानापुरतं. मग त्या पुस्तक मिटून कुकर लावायला जायच्या.

पहिल्या दोन-तीन रविवारी गीर चांगलं चार दिवसांचं होतं. मग शत्रुघ्न म्हणाले, “एवढं सौराष्ट्रात जायचं आणि सोमनाथ नाही करायचं? दादा सोमवार करायचा.”

श्रीरंगराव सोमवार करायचे ते डॉक्टरांनी एक वेळ जेवायला सांगितलं म्हणून. पण ते आठवून देणार कोण? सोमनाथ आत आलं. सोमनाथ आलं तसं द्वारकाही आली, कारण काकूंचं म्हणणं पडलं की भाऊजींना कृष्णाचं फार वेड. द्वारका आली म्हणून वाटेतलं पोरबंदर आलं. प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचं, “बाबांना आवडलं असतं,” आणि तिथे वाद संपायचा. गीर चाराचं दोन दिवसांचं झालं.

“तसं बघायला गेलं तर,” शत्रुघ्नांनी एका रविवारी पोह्यांवर लिंबू पिळत मांडलं, “दादाला गीर म्हणजे तो सगळा पट्टाच म्हणायचा असणार. नुसत्या जंगलात दादा काय करणार होता?”

“मलाही तेच वाटत होतं,” विनिता म्हणाली. “आणि जंगलच म्हटलं तर परेशच्या कारखान्यामागे तुंगारेश्वरचा डोंगर आहेच की. बिबट्या आहे म्हणतात तिथे.”

“कुत्रं असेल,” परेश हसत म्हणाला.

आवाज थेट बापाचा. जयवंतीबाई ओट्याशी चहा गाळत होत्या. गाळणं हातातून सुटलं. कुणीतरी हॉलमधून ओरडलं, “काय झालं?” त्या म्हणाल्या, “काही नाही.” पायावर चहा सांडला होता, पण भाजल्याचं त्यांना जरा उशिराच कळलं.

समोरच्या फ्लॅटमधली क्लारा, माहेरची राजोडीची, त्या पायावर लावायला कोरफड घेऊन आली. पंचवीस वर्षांचा शेजार; नाताळची करंज्यांची ताटली इकडे यायची आणि दिवाळीची तिकडे जायची. क्लाराने सगळी हकीकत ऐकून घेतली. पिंड, कावळा, शब्द. मग तिने विचारलं, “पन जयवंतीबाई, ते नेनार होते ते कोनाला?”

“मला.”

“मग इच्छा तुमचीच की. तुमी तिथं तुमचंच बोलल्या. पोरांनी ती बाबांची कशी काय केली?”

“पिंडापुढे बोललेलं गेलेल्या माणसाचंच असतं, क्लारा.”

“आमच्यात नसतंय तसं,” क्लारा कोरफडीचा गर चोळत म्हणाली. “मेलेल्यासाठी चर्चमध्ये मिसा करायच्या. जित्याला काय पायजे ते जित्याने सांगायचं. तुमी सांगितलं का?”

 क्लारा जाता जाता दारात थांबून म्हणाली, “सांगा हां.” सांगण्यात अडचण होती, आणि ती क्लाराला कळण्यासारखी नव्हती. ती इच्छा माझी, असं म्हटलं तर श्रीरंगरावांची कुठली होती, हा प्रश्न आलाच. मग कावळा शिवला तो खोटाच शिवला, माणूस अतृप्तच गेला, आणि विनिता पुन्हा रडणार. एका सिंहिणीपायी घरात एवढं कशाला? आणि तसंही सोमनाथ-द्वारकेतून जे काही गीर उरेल ते उरेल. दोन दिवस तर दोन दिवस. एक सकाळ मिळाली तरी पुरे, असं त्यांनी मनाशी ठरवलं. आयुष्यभर त्यांनी असंच उरलेलं घेतलं होतं आणि त्यात त्यांचं पोट भरलं होतं, असं सगळे मानत. त्याही मानत आल्या होत्या.

पण उरलेलंही उरेना. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी बुकिंगसाठी सगळं पक्कं करायचं होतं. कौस्तुभच्या बायकोने बाळाला मांडीवर थोपटत घोडं अडवलं. उघड्या जीपमधून, मेच्या उन्हात, सिंहांच्यात, बाळाला घेऊन? काकूंनी मान डोलावली. काकूंच्या कमरेलाही जीप सोसणार नव्हती.

“त्याची सोय मी काढलीय,” शत्रुघ्न म्हणाले. वाट बघत असल्यासारखेच म्हणाले. “आत जंगलात जायचंच नाही. तिथे एक कुंपण घातलेला भाग आहे म्हणतात. बंद बसमधून नेतात, तासाभरात बाहेर. द्वारकेहून येता येता उरकून टाकू. आणि तिथे सिंह हमखास दिसतात.”

“हमखास कसे?” क्षितिजाने विचारलं.

“अगं, खायला घालतात ना त्यांना. वेळेवर येऊन बसतात म्हणे, वाट बघत.”

जयवंतीबाई पोह्यांच्या रिकाम्या बश्या गोळा करत होत्या. बाहेर कठड्यावर कावळा ओरडायला लागला होता; त्याची वेळ झाली होती. आतून कुकरची शिट्टी झाली. बाळाने तोंडाकडे मूठ नेली. बश्या हातात घेऊन त्या तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना त्या सिंहिणीचं पान दिसलं, आणि त्या पानातली सिंहीण वळून त्यांच्याकडे बघत होती. ‘आज काय केलंयस?’

“नको,” त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी वर बघितलं. इतक्या महिन्यांत “हं”शिवाय दुसरं काही ऐकायची सवय राहिली नव्हती.

“काय नको, वहिनी?”

“कुंपणातलं नको. मला जंगलात जायचंय. आत.” आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. पण आता निघालाच होता. “आणि ते गीर ह्यांना नको होतं. कधीच नको होतं. मला हवं होतं. ते मला नेणार होते. तळ्यावर मी माझंच बोलले.”

 विनिताचा चेहरा पडला, तो जयवंतीबाईंनी बघितला, पण त्या मागे फिरल्या नाहीत.

“मग... मग दादाचं काय राहिलं होतं?” शत्रुघ्नांनी विचारलं.

“काही नाही,” जयवंतीबाई म्हणाल्या. “त्यांचं काही राहूच दिलं नाही मी. सकाळच्या गरम पाण्यापासून सगळं केलं. आठवून बघा.”

सगळ्यांनी खरंच आठवून बघितलं. श्रीरंगरावांना हवं होतं आणि मिळालं नाही असं काही कुणाला सापडेना. मऊ भात, इस्त्रीचा सदरा, दुपारची झोप, पंख्याखालची खुर्ची. हळूहळू विनिताच्या चेहऱ्यावर रंग आला.

“म्हणजे बाबा तृप्तच गेले,” ती म्हणाली. “कावळा उगीच वेळ लावत होता.”

“तृप्त म्हणजे काय, भरून पावला माणूस!” शत्रुघ्नांच्या छातीवरचं ओझंच उतरलं. त्यांनी मोठ्ठा श्वास सोडला, चष्मा काढला आणि वेळापत्रक मिटून टीपॉयवर ठेवलं. “मग काय, प्रश्नच मिटला. उगाच एवढी धावपळ मांडली होती आपण.”

“खरंच,” काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. कौस्तुभच्या बायकोने बाळाला खांद्यावर घेतलं. मेच्या उन्हातून सगळेच सुटले होते.

जयवंतीबाई अजून बश्या धरून उभ्या होत्या. त्यांना वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, ‘बरं आई, मग तुझ्या गीरचं बोलू.’ त्यांनी परेशकडे बघितलं. परेश वाईट मुलगा नव्हता. पिंडापुढे दिलेला शब्द त्याने पाळला होता. औषधं आणायचा, रोज कारखान्यातून आल्यावर दोन मिनिटं आईजवळ बसायचा. तो उठून आला, त्याने तिच्या हातातल्या बश्या घेतल्या आणि प्रेमाने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“आधी सांगायचं नाही का, आई? तुला जायचंय तर जाऊ की. तू म्हणशील तसं, आत जंगलात जाऊ. पण मग आता ह्या मेमध्येच जायला हवं असं काही नाही ना? कारखान्यात नवं मशीन यायचंय, क्षितिजाचं बारावीचं वर्ष सुरू होईल. पुढच्या वर्षी जाऊ. निवांत.”

पुढच्या वर्षी. आवाज बापाचा, हात बापाचा, आणि तो म्हणण्यातला चांगुलपणासुद्धा बापाचाच.

 जयवंतीबाई होत्या तिथे खाली फरशीवर बसल्या आणि रडायला लागल्या. आधी आवाज फुटेना, मग फुटला तो थांबेना. लहान पोरासारख्या हुंदके देऊन, पदर तोंडात धरून, पुढेमागे झुलत त्या रडत राहिल्या. कठड्यावरचा कावळा उडून गेला. समोरच्या दारातून क्लारा धावत आली आणि उंबऱ्यात थबकली.

“आजी,” म्हणून क्षितिजा पुढे झाली, तर शत्रुघ्नांनी तिला हाताने थांबवलं.

“नको, रडू दे त्यांना. एवढे महिने अडकून होतं. दादासाठी आज मोकळ्या झाल्या.” त्यांचेही डोळे भरून आले होते. विनिताने पळत जाऊन पाण्याचा पेला आणला आणि सासूच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. कौस्तुभने बायकोकडे बघून मान हलवली. बरं झालं, असं काकू हळूच म्हणाल्या, फार काळजी वाटत होती.

सगळ्यांनाच हायसं वाटलं.